धुकं पडलंय, निघ

दिल्लीत धुकं पडलं की लोक गाड्यांना, विमानांना आणि नशिबाला शिव्या घालतात. देवधर सर मला फोन करायचे. "शुभा, धुकं पडलंय. निघ."

कारण सरळ होतं. आम्ही इमारतींसाठी जमीन तपासायचो. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर मोठा हातोडा मारायचा. ठोक्याच्या लाटा वरच्या थरांतून पसरतात, त्या जमिनीत ओळीने खोचलेल्या जिओफोनांनी, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या छोट्या यंत्रांनी, टिपायच्या. लाटांच्या वेगावरून जमीन कठीण, मध्यम की मऊ ते कळतं आणि भूकंपात इमारत किती हलेल याचा अंदाज बांधता येतो. गाझियाबादच्या हायवेवर ट्रक धावत असले की यंत्रात त्यांचीच थरथर भरते. दाट धुक्यात ट्रक थांबतात. सर खूश.

जिओफोनांची ओळ थोड्या अंतरावर पांढऱ्यात विरून जायची. आतून कुठून तरी सरांचा आवाज यायचा, "भैया, हिलना मत." मग ठोका. विटा वाहणाऱ्या बायका डोक्यावरच्या विटांसकट उभ्या, चहावाला किटली धरून उभा. रेकॉर्ड क्षणात संपायचं. सर मात्र डोळे मिटून तसेच.

"सर, झालं."

"जमिनीला विचारलंय ना? उत्तर येऊ दे."

"उत्तर लॅपटॉपवर आलंय."

"मग तू बघ. मी ऐकतो."

मला असल्या गोष्टींना वेळ नसतो. पण सरांचं शास्त्र पक्कं होतं. लांब लाटा खोल जातात आणि खालची जमीन घट्ट असली की त्याच आधी पोचतात. आखूड लाटा वरवर रेंगाळत मागून येतात. माणसंही ते याच मापाने मोजायचे. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी चौबळ तासभर बोलले की सर पुटपुटायचे, "आखूड लाट."

ही सोसायटी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या मराठी कुटुंबांची. हिंडन नदीजवळ जागा घेतलेली, आठ मजले ठरलेले. सगळ्यात वरचं घर सरांचं, खरं तर त्यांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं. काकूंचा संसार तळमजल्याच्या क्वार्टरांमध्ये गेला होता. "जन्मभर लोकांची पावलं डोक्यावर ऐकली," त्या म्हणायच्या. "आता माझ्या डोक्यावर फक्त आकाश."

त्या जागेची तपासणी आम्हीच केली. धुकं होतं. उत्तर आलं: मऊ. कधीकाळी नदी तिथून वाहिली असावी. खाली सगळी सैल वाळू.

चौबळ सरांच्या घरी आले. "देवधर, यार, 'मध्यम' लिहा ना. तुमचंच घर आहे वर."

"जमिनीला विचारायला तुम्हीच पाठवलंत," सर म्हणाले. "आता तिचं ऐकू नका म्हणता?"

चौबळ गेल्यावर काकूंनी चहाचे कप उचलले. "दोन्ही टोकांकडून ठोकून बघितलंत?"

"बघितलं. उत्तर तेच."

"नदीला नेमकं माझ्याच घराखालून जायचं होतं," काकू म्हणाल्या. मग आत जाता जाता, "लिहा मग, आहे ते."

मऊ जमिनीवर आठ मजल्यांसाठी पाया फार खोल न्यावा लागला असता, ते सोसायटीला जमणारं नव्हतं. चारच मजले उठले. चौथ्यावर आधीच दुसऱ्यांची नावं होती. एकाने तळमजल्याचं घर सोडलं, ते सरांना मिळालं. राहायला आल्या दिवशी वरच्या घरातली पोरं धावत होती. काकू छताकडे बघत म्हणाल्या, "अहो, ऐका तुमचं उत्तर."

त्यानंतर धुकं पडलं की सरांचा फोन यायचा नाही. मला वाटलं, वय झालं.

सर गेले ते उन्हाळ्यात. पुढच्या हिवाळ्यात पहिलं दाट धुकं पडलं त्या सकाळी काकूंचा फोन आला. "शुभा, धुकं पडलंय. येतेस?"

मी गेले. काकू शाल गुंडाळून दारातच उभ्या होत्या. माझ्या खांद्याचा आधार घेऊन जिना चढू लागल्या, प्रत्येक मजल्यावर दम खात. "धुकं पडलं की हे मला इथेच आणायचे," गच्चीचं दार ढकलत त्या म्हणाल्या.

बाहेर रस्ता नव्हता, झाडं नव्हती, नदी नव्हती. कठड्यापलीकडे सगळं पांढरं. वर पावलं वाजवायला कोणी नाही.

"खाली बघ," काकू म्हणाल्या. "काही दिसतंय?"

"नाही."

"मग हा आठवाच मजला असणार. हे तसंच म्हणायचे."

एरवी चूक दिसली की मी तिथल्या तिथे सुधारते. त्या सकाळी मी पाय न हलवता उभी राहिले.