नकाशावरचा काळा भाग

मागच्या आठवड्यात मंगळवारी, आमच्या इंग्लंडमधल्या, मेडनहेडच्या ऑफिसात घडलेलं. एका म्युझियमसाठी मी टचस्क्रीनवरचा नकाशा बनवतेय. विषय, दोनेकशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेली एक शोधमोहीम.

माझं डिझाइन साधं होतं. सुरुवातीला पश्चिमेचा सगळा भाग काळा... मोहिमेचा ठिपका पुढे सरकेल, तसतशा नद्या आणि डोंगर उजळत जाणार. ऑफिसात सगळ्यांना आवडलं होतं. मलाही.

त्या दिवशी रिव्ह्यू कॉलवर लोरेन होत्या. मोहीम ज्या नदीकाठाने गेली, तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या ज्येष्ठ बाई. जागांची त्यांच्या भाषेतली नावं, बोलून रेकॉर्ड केलेली, त्याच देणार होत्या.

डेमो संपला. लोरेन म्हणाल्या, "ते येईपर्यंत आम्ही काय अंधारात बसलो होतो का?"

मी समजावलं. काळा म्हणजे फक्त 'माहिती उपलब्ध नाही'. मोहिमेच्या डायऱ्यांत आहे तेवढंच दाखवलंय.

"तू मूळची कुठली?"

"साताऱ्याची. इंडिया."

"मी अजून तिकडे गेले नाहीये. दिवे असतात ना तिथे?"

शेजारी बसलेला निखिल फिस्सकन हसला, आणि माझा माइक चालू होता. लोरेन हसल्या नाहीत. नकाशा असाच राहणार असेल तर नावं मिळणार नाहीत, एवढं सांगून त्यांनी कॉल ठेवला.

"अगं, काळ्याऐवजी ग्रे कर. जाईल चालून," निखिल म्हणाला. करून पाहिलं... अंधारच होता तो, फक्त फिकट.

शेवटी तो इफेक्टच काढला. आता नकाशा पहिल्यापासून उजळलेला, नावांसाठी जागा सोडलेल्या... आणि मोहीम म्हणजे त्यातून जाणारी एक बारीक रेघ. डायऱ्यांतलं सगळं तेवढ्यात मावलं.

शुक्रवारी पुन्हा दाखवलं. लोरेननी रेघेबद्दल काही विचारलंच नाही. नदीच्या एका वळणापाशी म्हणाल्या, "थांब. इथे माझी मावशी राहते. जरा झूम कर."

झूम केलं. तिथे माझ्याकडे काहीच डेटा नव्हता. मी विचारलं, काय काय आहे तिथे... आणि त्या सांगत गेल्या. कॉलची वेळ संपली तरी कुणी थांबवलं नाही.

परवा रेकॉर्डिंग्ज आली. ठरल्यापेक्षा एक फाइल जास्त होती... त्या वळणाचं नाव, मावशींच्या आवाजात.

आभार मानणं मला फारसं जमत नाही. ती फाइल मी सगळ्यांत आधी नकाशावर लावली.