सोनीचं डोहाळजेवण

माझ्या आत्याइतकं पोटावरून निदान करणारं माणूस किन्हवलीत दुसरं नाही, आणि शहापूर-मुरबाडात कुठे असलंच तर त्याने तिच्यासमोर येऊ नये. पाहुण्याचा चेहरा ती नंतर बघते, आधी पोट. म्हैस गाभण आहे की नुसती चरून फुगली आहे, हे ती बांधावरूनच सांगते. एका लग्नात तर तिने भर मांडवात नवरदेवाच्या वडिलांकडे बोट करून, "यांना आधी जेवू घाला, मुहूर्ताचं मंग बघा," असा हुकूम सोडला होता. ते गृहस्थ अक्षतांच्या आधीच भोवळ येऊन खाली बसले, त्यामुळे आत्याचा भाव आणखी वधारला.

म्हणून तिची लाडकी मांजर सोनी, जेमतेम वर्षाची, पोटाने वाढू लागली तेव्हा आत्याने कुणाला विचारलंच नाही. पिल्लं आळीत आधीच वाटून झाली. वर डोहाळजेवण घातलं. शेजारणी हसत हसत जमल्या, सोनीला हिरव्या खणावर बसवलं, पुढे भाजलेली सुकट ठेवली. सोनीने ती हुंगलीसुद्धा नाही. "डोहाळे कडक हायेत गो," आत्या म्हणाली, पण सोनीच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला. एवढं पोट, आणि मणके मात्र हाताला लागत होते. अंगही तापलेलं होतं.

आम्ही तिला करंडीत घालून एसटीने शहापूरला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढलं, पिवळं आणि चिकट. पिल्लू एकही नव्हतं. रिपोर्ट आल्यावर पुन्हा गेलो तेव्हा ते म्हणाले, "आजी, या दुखण्याची एकच अशी खात्रीची तपासणी नाही. न उतरणारा ताप, वय, रक्त, हे पाणी, सगळं जुळवून बघावं लागतं. मांजरांचा एक वेगळा कोरोना असतो. पुष्कळ मांजरांच्या आतड्यात तो गुपचूप राहतो, एखाद्या मांजरात मात्र बिघडतो आणि पोटात असं पाणी साठतं."

कोरोना म्हटल्याबरोबर आत्याने पदर नाकाला लावला. मला हसू आलं आणि तिथेच विरलं. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, कोरोनातच गेले. कल्याणला दवाखान्याच्या फाटकाबाहेर ती डबा घेऊन उभी होती. तिला आत सोडलं नाही, नंतर तोंडही बघू दिलं नाही.

"मंग हिला लांब ठेवायची का?" तिने अगदी हळू विचारलं.

"नाही. हा माणसाला होत नाही. मांडीवर घेऊन बसलात तरी चालेल."

यावर औषध आता निघालं आहे, ते सुरूही केलं, पण दुखणं फार पुढे गेलं होतं. आत्याने मात्र डॉक्टरांचं अक्षरशः ऐकलं. कामंधामं सुनेवर टाकून ती सोनीला मांडीवर घेऊन ओटीवर बसायची आणि आतोबांना सांगायचं राहून गेलेलं सगळं तिला सांगायची: विहिरीवरची मोटर कुणी दुरुस्त केली, वालाला शेंगा कशा धरल्यात, कुणाची मुलगी कुठे दिली.

एका दुपारी सोनीने तिथेच, मांडीवर, प्राण सोडला. मी पाणी आणून दिलं.

"या टायमाला मी जवळ होते रे," आत्या म्हणाली. "कुणी मला बाहेर उभं नाय केलं."

संध्याकाळपर्यंत तिने मांडी मोडली नाही, आणि आम्हीही तिला ऊठ म्हटलं नाही.