निकडीचं कलम

माझी शाळा माझ्या वडिलांनी बंद केली. माझी एकटीची नव्हे. गावातल्या मुलींच्या शाळेचे वरचे सगळे वर्ग त्यांच्या सहीनं बंद झाले आणि त्यातल्या एका वर्गात मी होते. गावात त्यांना तत्त्वाचा माणूस म्हणत.

आमचं गाव अकोल्याहून पातूरकडे जाताना लागतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कापूस आमचा, त्यावरचा शेतसारा आमचा आणि खर्चाचे हुकूम मात्र नागपूरचे, ही कुरकुर प्रत्येक ओट्यावर चालायची. बाबांचा भाजीपाल्याचा मळा होता, पण वर्तमानपत्र ते जाहिरातींसकट वाचत. ते म्हणत, "नागपूरले नावं ठेवतो आपण. अन् आपली कमिटी काय करून राहिली?"

म्युनिसिपल कमिटीच्या तेव्हाच्या अध्यक्षानं एका बड्या साहेबाच्या स्वागताला कमानी उभारल्या होत्या, अमरावतीहून बँड आणवला होता. मग झाडूवाल्यांचे पगार थकले, नाल्या तुंबल्या, आणि आमच्या गल्लीत दोन लेकरं हगवणीनं गेली. बाबा त्या रागानं निवडणुकीला उभे राहिले. त्यांच्याबरोबर त्यांचा चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, निवडून आले. काकांचं फुलांचं दुकान होतं.

दोघांनी भांडून कमिटीकडून एक पोटनियम करून घेतला. जमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. कर्ज काढायचं तर आधी गावात दवंडी द्यायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि मगच मतं घ्यायची. आग किंवा पटकीसारखी निकड आली तरच अध्यक्षानं आपल्या अधिकारात खर्च करावा, कर्ज काढावं. जिल्ह्याच्या साहेबाची मंजुरी आली त्या दिवशी बाबांनी घरी पुरणपोळी करायला लावली. सणबीण काही नव्हता.

पुढच्या निवडणुकीनंतर बाबाच अध्यक्ष झाले. त्यांना गावात नळ आणायचे होते. विहीर, तिच्यावर इंजिन, लोखंडी पाइप, चौकाचौकात तोटी. हेतू चांगलाच होता, हे मी आजही म्हणते. पण काम त्यांना त्यांच्याच मुदतीत व्हायला हवं होतं. दवंडी, हरकती, सभा यात उन्हाळा निघून गेला असता. त्यांनी पाणीटंचाई ही निकड ठरवली आणि एका सहीवर कर्ज काढलं.

काका त्याच संध्याकाळी आले. अंगणात उभ्यानंच बोलले.

"दादा, टंचाई दरसालची हाये. ते कलम आगीसाठी ठेवलं होतं."

"लोकायले पाणी पायजे. तुले नको काय?"

"मलेही पायजे. पण विचार ना लोकायले! नाई म्हणतीन त थांबू."

"लोकायले काय समजते?"

काका जायला वळले. मग म्हणाले, "दुसरा कोणी असता त मी भांडलो असतो. तुह्याशी कसा भांडू?"

आईनं चहा आणेपर्यंत ते निघून गेले होते.

नळ आले. पहिल्या दिवशी बायांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं, बाबांच्या गळ्यात हार पडले. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला आणि इंजिन चिखल ओढू लागलं. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. म्हणून बाबांनी जकात नाक्यावर डोक्यावरच्या टोपलीलाही कर लावला. बार्शीटाकळीकडून भाजी आणणारे आमचेच सोयरे आमच्या बाजाराकडे पाठ फिरवून अकोल्याला जाऊ लागले. फुलांच्या टोपल्याही येईनात, काकांचं दुकान बसलं. नाक्यावर पूर्वी यायचं तेवढं उत्पन्नही येईना.

तेव्हा बाबांना आपला पोटनियम आठवला. काटछाट करायला त्यांनी मुलींच्या शाळेचे वरचे वर्ग निवडले.

आमच्या बाई अमरावतीच्या होत्या, विधवा, तोंडावर शिस्त आणि हाताला माया. त्या आमच्या घरी आल्या. मी दाराआडून ऐकत होते.

"अध्यक्षसाहेब, परीक्षेपर्यंत तरी थांबा. या मुली पास होतील."

"बाई, जमाखर्च जुळायला हवा. नियम आहे."

"आणि कर्ज काढताना नव्हता?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी वर्ग बंद करायच्या हुकमावर सही केली. बाई मोटारीनं अमरावतीला परत गेल्या. वर्षाच्या आत माझं लग्न तिवशाला झालं.

बाबा पुढली निवडणूक जेमतेम जिंकले, पण अध्यक्षपद गेलं. नव्या अध्यक्षाला कमिटीसाठी दिवाणखान्यासह नवी इमारत हवी होती. त्यानं जुनी इमारत पडायला आली अशी निकड दाखवून आणखी कर्ज काढलं. बाबा सभेत उठून गरजले. नवा अध्यक्ष बसल्या जागेवरून बाबांना म्हणाला, "बापू, रस्ता तुमीच पाडला. आमी त्यावरून चालून राहिलो." सगळे हसले. हे मला काकांनी सांगितलं. ते हसले नव्हते, पण बाबांच्या बाजूनं उठलेही नव्हते.

इमारत झाली. मुलींचे वर्ग माझ्या माहेरपणाच्या कुठल्याच फेरीत पुन्हा सुरू झालेले दिसले नाहीत. बाबा वर्तमानपत्र वाचत राहिले. नागपूरच्या कौन्सिलनं नाकारलेला खर्च गव्हर्नरानं आपल्या सहीनं परत घातला, असं काही छापून आलं की ते संतापत. म्हणत, "मग निवडून दिलेली माणसं कशाले बसवली?"

अशाच एका दिवशी मी त्यांना विचारलं. तेव्हा मला स्वतःच्या दोन मुली होत्या.

"बाबा, काटायचंच होतं त आमची शाळाच काहून? पोरायची काहून नाई?"

त्यांनी पेपर खाली घेतला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"पोरायची बंद केली असती त त्यायचे बाप कमिटीवर आले असते. पोरीयच्या बापायपैकी कोणी आलं नाई."

"एका पोरीचा बाप त कमिटीतच होता," मी म्हटलं.

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. मी मुलींना घेऊन दुपारच्याच मोटारीनं तिवशाला निघाले. त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. मी जात-येत राहिले, त्यांच्या पाया पडत राहिले. माफ मात्र केलं नाही, आणि त्यांनीही कधी माफी मागितली नाही.