अफूवर निजवलेली पोरं

सोजरने पोरगी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, ही उठंना झाली. दूध बी तोंडात घेईना."

मी पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. श्वास इतका सावकाश, की पुढचा येतो का नाही याची वाट बघावी लागत होती. कापसाच्या त्या हंगामात आमच्या सेलूच्या दवाखान्यात असं आलेलं हे पहिलं मूल नव्हतं. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती ती. मी तिथे नर्स होते.

"अफू दिलीस?"

"अफू न्हाई बाई. गोळी दिली, निजायची. समद्याच देतेत."

त्या गोळीत अफूच असते. तिने मूल झोपत नाही, गुंगीत जातं. डोस जास्त झाला की श्वास मंदावत जातो आणि थांबतो. आम्ही नळी घालून पोट धुतलं. मग मी तळपायाला टिचक्या मारत बसले. हात थांबला की पोरीचा श्वासही रेंगाळायचा. दुसरा पाय मी सोजरकडे दिला.

"मार. लागेल म्हणून भिऊ नको. ती रडली पाहिजे."

दुपार कलल्यावर पोरगी आधी कण्हली, मग रडली. सोजरच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं.

"मागल्या साली माजं पोरगं निजल्या निजल्या गेलं," ती म्हणाली. "बाहेरची बाधा हाय म्हणले समदे. त्ये बी ह्यानंच का, बाई?"

मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

तिने पोरगी उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "गोळी जमादार देतो, गेटवर. पोरगं निजलेलं असलं तरच आत घेतेत."

ती जिनिंगमध्ये कामाला होती. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. बायका यंत्रात कापूस घालायच्या आणि मुलं मागे कापसाच्या धुरळ्यात पडून असायची.

मी तडक डॉक्टरसाहेबांकडे गेले. ते हैदराबादचे, माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता.

"बाई, जिनिंगवाल्यांशी झगडा नको," ते म्हणाले. "आया जाहिल आहेत. त्यांना पोरं सांभाळायची अक्कल द्या, बस."

गोळी देणारा कारखान्याचा पगारी नोकर, आणि अडाणी ठरते आई. ड्यूटी संपल्यावर मी जिनिंगच्या मॅनेजरकडे गेले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"नर्सबाई, गोळी आम्ही जबरदस्तीनं देतो का? आयाच हात पुढं करतात."

"न देता आत घेता का?"

"कारखाना आहे हा, पाळणाघर नाही."

चहा तसाच ठेवून मी उठले.

आता राहिल्या आया. सोजरच बायकांना गोळा करून माझ्या खोलीवर आणायला लागली. भाषण द्यायची माझी इच्छा नव्हती. मी तिची पोरगी मांडीवर घेतली आणि एकेकीला हात लावून बघायला लावलं. साध्या झोपेत मूल तळवा गुदगुल्या केला की पाय ओढतं. गुंगीतलं मूल ओढत नाही. घाईत अर्धवट पाजलेलं मूल लवकर उठतं. दोन्ही बाजूंनी पोटभर पाजून, खांद्यावर घेऊन ढेकर काढला की आपसूक झोपतं. बायका पुन्हा पुन्हा करून बघत. चुकलं की मी रागवायचे. खरं तर राग त्यांच्यावर नव्हता.

"पोट भरलं तरी आत गेल्यावर उठतीलच की," एकीने विचारलं.

सोजर म्हणाली, "उठू दे."

ठरलेल्या सकाळी बायकांनी पोरं घरून पोटभर पाजून, झोपवून आणली. जमादाराची गोळी घेतली आणि पदराखाली चुरून टाकली. गेटमधून सगळ्या आत गेल्या. काही वेळाने पहिलं मूल उठलं. मग दुसरं. मग शेडभर रडं. बायकांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि जागच्या जागी बसून पाजायला घेतलं.

मॅनेजर धापा टाकत दवाखान्यात आला.

"काय शिकवायलात तुम्ही बायांना? समदी पोरं रडायलीत. काम बंद पडलंय."

"रडणारच," मी म्हणाले. "जिवंत आहेत."

त्याने बायकांना काढून टाकायची धमकी दिली. पण ऐन हंगाम होता, कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, आणि नव्या बायका आणणार कुठून? दोन-तीन दिवस त्याने ताणून धरलं. मग दुपारच्या अलीकडे-पलीकडे एकेकदा पाजायची सुट्टी दिली. धुरळ्यापासून लांब पत्र्याच्या आडोशाला झोळ्या टांगल्या आणि एक म्हातारी लक्ष ठेवायला बसवली. गेटवरची गोळी बंद झाली. सोजरची पोरगी पुढे त्याच आडोशात रांगायला लागली.

पुढे एक मोठे अधिकारी पाहणीला आले. मॅनेजरने झोळ्या दाखवल्या आणि आपल्या दयाबुद्धीचं वर्णन केलं. हार त्याच्या गळ्यात पडला. डॉक्टरसाहेबांनी भाषणात अडाणी आयांना शहाणं केल्याचं सांगितलं. सोजर मागे उभी होती. तिच्या मेलेल्या मुलाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नोकरीत नंतर मी पुष्कळ आयांना मुलं सांभाळायला शिकवलं. बहुतेक जणी पटकन शिकल्या. अडचण यायची ती त्यांना कामावर आत घेणाऱ्यांची.