गमछ्याखालची भाषा

दादाने मला विचारलं नाही, हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

झाशीत ओरछा गेटजवळ माझं जुन्या दारा-खिडक्यांचं दुकान आहे. ते मी एकटीने उभं केलं. मागच्या वर्षी दुकानात बसून माझी मुलगी मोबाइलवर एक मालिका बघत होती. त्यातला हजारो वर्षांपूर्वीचा तहानलेला राजा ओरडला, ‘‘लुमा! लुमा!’’ मी चमकले. नटाला ‘ळ’ जमला नव्हता, पण शब्द तोच: ‘ळुमा’ म्हणजे पाणी. तो शब्द दादाने आणि मी मिळून केला होता. मालिकेच्या शेवटी ‘प्राचीन भाषेची निर्मिती’ असं आलं, आणि पुढे नाव फक्त दादाचं.

खंडेराव गेटच्या आमच्या गल्लीत सगळी पोरं हिंदी नाहीतर बुंदेली बोलायची. आम्ही मराठीत बोललो की नकला करायची. दादा म्हणाला, आपण मराठीहून जुनी भाषा करू. त्या पोरांना ‘ळ’ म्हणता येत नसे, म्हणून आमच्या प्रत्येक वस्तूचं नाव ‘ळ’ने सुरू. क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी. झालेली गोष्ट सांगताना ते श्वास आत ओढत म्हणायचं, त्यामुळे जुनी भांडणं उकरून काढली की दोघंही धापा टाकायचो.

शब्द मात्र फुकट मिळत नसे. बाबांबरोबर मोठ नावाच्या गावच्या बाजारात आम्ही गुरांचे दलाल पाहिले होते. ते गमछ्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवायचे. आम्हीही तसंच करू लागलो. दादा लांबलचक शब्द आणायचा, मी छाटायचे. छपरासाठी त्याने ‘ळाखोरमीतू’ आणला.

‘‘‘ळाखो’. पुढे एक अक्षर देणार नाही.’’

‘‘कंजूस कुठली!’’ म्हणत त्याने माझं बोट दाबलं. दोघांनी दाबल्याशिवाय शब्द भाषेत येत नसे. घासाघीस मी तिथे शिकले. कॉलेजात पाठवलं ते दादाला.

दिवाळीनंतर पुण्याहून त्याचा फोन आला.

‘‘छोटे, पुढच्या भागात राजाचा बाजार आहे. शब्द कमी पडताहेत. मी केले काही, पण नकली वाटतात.’’

‘‘नकलीच आहेत. सौदा कुणाशी केलास?’’

‘‘बरं, किती पैसे हवेत ते सांग.’’

माझं डोकंच फिरलं. समोरचं गिऱ्हाईक ‘‘दीदी, कुछ तो कम करो’’ म्हणत होतं, त्याला मी हातानेच थांबवलं.

‘‘पैसे नकोत. पडद्यावर माझं नाव हवं. तुझ्या शेजारी, खाली नाही.’’

‘‘निर्माते ऐकणार नाहीत गं.’’

‘‘मग राजाला हिंदीत भाजी घ्यायला लाव.’’

‘‘अगं, लहानपणीचा खेळ तो!’’

‘‘खेळ होता, तर विकलास कशाला?’’

 तो मवाळ आवाजात म्हणाला, ‘‘तराजूला काय म्हणू, तेवढं तरी सांग. उद्या चित्रीकरण आहे.’’

नवा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

‘‘फोनवर गमछा पसरता येत नाही, दादा. आधी नाव लाव, मग झाशीला ये.’’

त्याने फोन ठेवला. तो भाग मी मुद्दाम पाहिला. भर बाजारात राजा काहीच बोलत नाही, नुसता बोटाने वस्तू दाखवत फिरतो.

‘‘आई, किती ताणशील?’’ मुलीने विचारलं.

दुकानात खुंटीवर मी धुतलेला गमछा टांगून ठेवला आहे. राजा जन्मभर मुका राहिला तरी चालेल, पण मी भाव उतरवणार नाही.