मंदण्णाची रायफल डावीकडे का मारते

आमच्या मंदण्णाचा नेम गेला, असं गावात पहिल्यांदा कोण म्हणालं? मीच. खोटं कशाला बोलू! त्याची सख्खी धाकटी बहीण मी, पण माझ्या जिभेला हाड नाही.

आणि म्हणू नको तर काय करू? सत्तरीपर्यंत ज्याचा नारळ कधी चुकला नाही, तो माणूस लागोपाठ तीन वर्षं कैलपोळ्दला चुकला. तो आमचा हत्यारांचा सण. सकाळी बंदुकांची पूजा, दुपारी डुकराचं मटण, मग मैदानात उंच झाडाला टांगलेला नारळ उडवायचा. एकाला एकच गोळी. पहिला मान थोरल्याचा, तोही आमच्या बापाच्या रायफलीतून. शिकार बंद झाल्यापासून ती वर्षातून एकदाच बोलते, आणि हल्ली बोलली की डावीकडेच.

तिसऱ्यांदा चुकल्यावर त्याचा पुतण्या कुट्टय्या खाली बघत म्हणाला, "थोरले बाबा, पुढल्या वर्षी नाही लागला तर पहिली गोळी मी घालीन. माझ्या नव्या बंदुकीनं. ही आता खुंटीला टांगू."

मंदण्णानं मान डोलावली. पण त्या रात्री तो जेवला नाही.

"देच्चू, मलाच कळत नाही गं," तो मला म्हणाला. "नारळ दिसतो, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसते, हात हलत नाही. मग मी चुकतो का ती चुकते?"

"म्हातारा झालास, दुसरं काय!"

वर्षभर घरात तोच घोळ. चष्मा बदलला, काडतुसं बदलली. नळी घासून घासून आतून लख्ख केली. माशी केसभर सरकवली आणि परसातल्या भोपळ्यावर एक गोळी झाडली. भोपळा जागच्या जागी, शेजारची केळ आडवी. सकाळी तो रायफलीला दोष द्यायचा, संध्याकाळी स्वतःला. एकदा तर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या हात लांब करून धरून उभा राहिला, हात थरथरतो का बघायला. थेंब सांडला नाही. त्यानं तर बिचारा आणखीच गोंधळला.

शेवटी विराजपेठेहून बंदुका दुरुस्त करणाऱ्या रझाक मिस्त्रीला बोलावलं. त्यानं रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि फळीवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत, पण तिन्ही डावीकडे.

"रायफल पक्की आहे," रझाक म्हणाला. "नळीला कोण तरी बाजूनं ढकलतंय."

त्यानं स्क्रू काढून नळी लाकडातून उचलली. नळीच्या बाजूला लाकूड टेकता कामा नये म्हणे. उजवीकडच्या फटीतून त्यानं चाकूनं एक पिवळट, दगडासारखी पट्टी उचकटली. हुंगली.

"चंदन? इथं चंदन कुणी भरलं हो?"

अगं बाई! मी! वहिनी गेल्यापासून पूजा माझ्याकडे. आणि मला फट दिसली की चैन पडत नाही. रायफल कोपऱ्यात, डावं अंग भिंतीला. मला दिसे ते उजवंच. चंदन तेलात कालवून अंगठ्यानं दाबून भरलं होतं, तीन वर्षं, थरावर थर. आणि वर त्यालाच म्हातारा म्हणत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मंदण्णानं पट्टी हातात घेतली. "वास अजून आहे की," म्हणाला आणि हसत सुटला.

रझाकनं फट साफ केली, सरकवलेली माशी जागेवर आणली आणि पुन्हा गोळी झाडली. बरोबर मधोमध. "आता तुम्ही मारा," तो म्हणाला. मंदण्णा म्हणाला, "नको, काडतुसं सणाला राहू देत. दोष सापडला ना, झालं."

सणाच्या सकाळी कळलावीची फुलं नळीच्या तोंडात खोवली, पण चंदनाची वाटी घेतल्यावर माझा हात पुढे होईना. मंदण्णानं माझं बोट धरून रायफलीच्या दस्त्यावर टेकवलं.

"इथं लाव. इथनं गोळी जात नाही." सगळे खो खो हसले.

दुपारी तो मैदानात उभा राहिला. मी सगळ्या देवांना नवस बोलले. बार झाला. नारळ होता तिथंच. त्याच्या उजवीकडची फांदी तेवढी हलली.

उजवीकडची? माझं डोकंच चालेना.

कुट्टय्याच्या खांद्याला नवी बंदूक होती. त्यानं ती खाली ठेवली, थोरल्याच्या हातातून जुनी घेतली आणि एका गोळीत नारळाचं पाणी उडवलं. एकच आरोळी उठली.

"थोरले बाबा, ही तर सुतासारखी सरळ मारते! हिला खुंटीला कोण टांगतंय?"

मंदण्णा माझ्याशेजारी येऊन बसला.

"कुठं धरली होतीस?" मी विचारलं.

"नेहमीसारखी. वीतभर उजवीकडे."

"उजवीकडे का रे?"

"ती डावीकडे जायची ना. दर वर्षी मी थोडी जास्त उजवीकडे धरायचो, तरी ती आपली डावीकडेच. आज हाताला आठवलंच नाही की ती बरी झालीय." "मग आज चुकलं कोण गं देच्चू? मी का ती?"

"मी," मी म्हणाले.

त्याला ऐकू गेलं नाही. तो कुट्टय्याच्या हातातल्या रायफलीकडे बघत होता.