आधी आपल्या बोलीत भांड

लाखांदूरच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवरून मी ऐन वेळी रडत खाली उतरले, तेव्हा मायनं सगळ्या गावादेखत माझ्या थोबाडीत ठेवून दिली. “कायले रडून राहिली वं? जाय! नाही तं आनखी एक देईन!” गाल चोळत मी पुण्याला शिकायला निघाले.

मार नवा नव्हता. आमच्या इंग्रजीच्या सरांकडे बांबूची कमची असे. तासाला तोंडून ‘मले’ निघालं की तळहातावर, ‘काहून’ निघालं की पोटरीवर. गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, आठवतात ते वळ? इंग्रजी आलं नाही. गप्प बसणं मात्र फर्स्ट क्लास आलं.

आता मी पुण्यातच जर्मनीला निघालेल्या नर्सना जर्मन शिकवते. आमच्या क्लासचे संचालक कमची वापरत नाहीत, त्यांनी दारावर लाकडी पाटी ठोकली होती: वर्गात फक्त जर्मन. परिणाम तोच. आमच्याच जिल्ह्यातल्या लाखनीची प्रणाली तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती आणि तिकडचं हॉस्पिटल आणखी एकदाच थांबणार होतं. प्रश्न विचारला की ती भिंतीकडे बघायची.

त्या दिवशी धडा होता चवताळलेल्या रुग्णाचा. रुग्ण अर्थात मी! मंडईतली, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतली, रात्रभराची नाटकं बघून वाढलेली बाई अशी संधी सोडते होय? टेबल उलथलं, पाण्याचा जग भिरकावला, प्रणालीचं मनगट पिरगाळलं. ती मुकीच. मग तिच्या कानाशी लागले, “काहून वं, तोंड लाखनीलेच ठेवून आली का?”

“हात सोड! नाही तं मोडून चुलीत घालीन!” तिनं असा धक्का दिला की मी बाकावर आपटले. ओठ फुटला.

“वा! आता हेच जर्मनमध्ये.”

दारात संचालक उभे. “मॅडम, वर्गात मराठी?” रक्त त्यांना दिसलंच नाही!

प्रणालीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. “चुलीत घालीन म्हटलं तं तिकडं चालते का, मॅडम?”

“नोकरी जाईल. तुला नेमकं काय पाहिजे?”

“त्यानं हात सोडाले पाहिजे. दूर सरकाले पाहिजे.”

आणि मग तेच, खणखणीत जर्मनमध्ये. एक चूक होती. मी फुटलेला ओठ मिटूनच ठेवला.

ती परीक्षेत पास झाली, म्हणून वर्गात मराठी बोलूनही माझी नोकरी वाचली. पाटी मात्र एका सकाळी दारावरून नाहीशी झाली. संचालक अजून शोधताहेत.

दिवाळीला गावी आले, पिशवीतून ती काढून मायपुढे धरली.

“हे काय आणलं वं?”

“चुलीत घाल.”

मायनं गुडघ्यावर ठेवून पाटीचे दोन तुकडे केले आणि चुलीवरच्या भाताखाली सारले. माझं घर ते. तिथं मला कुठलंच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागत नाही.